पोर्ट ऑफ स्पेनची मोहिनी

गेल्या अंकातील ‘वाचक विचारतात’ या सदरात जुन्या विदेशी चित्रपटांतल्या, परमुलखातील क्लबांमध्ये गाणाऱ्या नायिकांविषयी मी थोडेसे लिहिले होते. त्यावर नाशिक आणि परिसरातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर मी त्याच एका विषयाला देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : ताई, नातवाने टीव्हीवर लावून दिलेला एक कृष्णधवल इंग्रजी चित्रपट मी दुपारी मधूनच पाहिला. एका बेटावरच्या क्लबात गाणारी बाई, तिचा नवरा अचानक मरतो, पोलीस तिलाच कामाला लावतात आणि दीर मात्र तिच्याकडे संशयाने पाहतो, एवढे समजले. हा चित्रपट कोणता? आणि नवरा गेल्यावर ही बाई सरळ आपल्या माहेरी का निघून जात नाही?
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर : आपण सांगितलेल्या खुणांवरून हा १९५२ सालचा ‘अफेअर इन ट्रिनिडाड’ आहे. दिग्दर्शक व्हिन्सेंट शर्मन, क्लबात गाणारी ख्रिस म्हणजे रिटा हेवर्थ आणि तिचा दीर स्टीव्ह म्हणजे ग्लेन फोर्ड. हीच जोडी १९४६ मध्ये ‘गिल्डा’त गाजली होती, आणि त्या चित्रपटाची निर्माती व्हर्जिनिया व्हॅन अप हिचाच या कथेतही हात आहे. मधल्या काळात हेवर्थने आगाखानांचे पुत्र अली खान यांच्याशी १९४९ मध्ये लग्न करून चित्रपट सोडले होते. संसार टिकला नाही, ती परतली, आणि परतल्यावर तिने केलेली पहिली भूमिका ही. त्यामुळे त्या काळच्या प्रेक्षकांना पडद्यावरच्या बाईइतकेच तिच्या घराबाहेर पडण्याचेही कुतूहल होते.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ख्रिसच्या नवऱ्याचा मृत्यू आधी आत्महत्या भासतो, मग तो खून असल्याचे पोलिसांना कळते, आणि संशय ज्याच्यावर आहे तो फेबियन नावाचा श्रीमंत गृहस्थ तिच्यावर मोहित झालेला असतो. पोलीस अधिकारी तिला सांगतात की तू त्याच्याशी सलगी ठेव, त्याच्या घरात वावर आणि काय चालले आहे ते आम्हाला कळव. देशासाठी म्हणून ती ते स्वीकारते. अट एवढीच की हे कुणालाही सांगायचे नाही. अशा वेळी भावाच्या मृत्यूचा उलगडा करायला दीर येऊन थडकतो आणि त्याला काय दिसते, तर भाऊ जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच भावजय दुसऱ्याच्या मेजवानीत नाचते आहे. आपल्या भाषेत याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. दीर-भावजयीचे नाते आपल्याला जवळून माहीत असल्यामुळे मराठी घरात बसून हा चित्रपट पाहताना हा भाग अमेरिकन प्रेक्षकापेक्षा आपल्यालाच जास्त टोचत असावा. (पुढे या दोघांचे प्रेम जमते, ते काही वाचकांना रुचणार नाही, पण कथा तशी आहे.)

माहेरी जाण्याविषयी बोलायचे, तर या जातीच्या चित्रपटांतील बाईला बहुधा माहेरच दिलेले नसते. १९३० च्या ‘मोरोक्को’मध्ये मार्लेन डीट्रिच जहाजातून उतरते तेव्हा जहाजावरचा अधिकारी तिच्यासारख्या बायकांविषयी सांगतो की त्या फक्त जाण्याचे तिकीट काढतात, परत येत नाहीत. एक सभ्य गृहस्थ तिला मदतीसाठी आपले नावाचे कार्ड देतो. ती त्याचे तुकडे करते आणि ते सोडून देते. हे तुकडे करणारी बोटे मी अनेकदा पाहिली आहेत. त्यांत घाई नाही, राग नाही, कितीतरी बंदरांवर असे कार्ड मिळाल्याची सवय आहे. नायिकेवर कोणी पिस्तूल रोखण्याच्या फार आधी तिचे संकट इथे सुरू झालेले असते. ती परक्या गावी पगारावर गाते, आणि गाणारी आहे एवढ्यावरून प्रत्येक जण तिच्याविषयी आपापले मत बनवून मोकळा होतो. खलनायक त्यानंतर येतो.

प्रश्न : ट्रिनिडाडची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन म्हटले की मला १९७१ आठवते. वाडेकरांचा संघ, सरदेसाईंचे शतक, गावसकरांचे पदार्पण आणि वेस्ट इंडिजवरचा आपला पहिला कसोटी विजय. या चित्रपटातले ट्रिनिडाड खरे आहे का?
– एक क्रिकेटप्रेमी, सातपूर

उत्तर : फारसे नाही. ते प्रामुख्याने हॉलीवूडच्या स्टुडिओत उभे केलेले बेट आहे: थोडी झाडे, पडद्यांतून येणारा वारा आणि पांढरे सूट घातलेली माणसे. खरे ट्रिनिडाड त्या वेळी ब्रिटिश वसाहत होते आणि ते स्वतंत्र झाले १९६२ मध्ये. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या, मजुरांना घेऊन तिथे पोहोचले आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे तशीच तिकडे नेली गेली. चित्रपटातील मुख्य पात्रांत त्यांच्या वंशजांपैकी एकही नाही. स्थानिक म्हणून लक्षात राहते ती ख्रिसची मोलकरीण डॉमिनिक. ती भूमिका करणाऱ्या हुआनिता मूरला पुढे १९५९ च्या एका चित्रपटासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. आपण क्रिकेटप्रेमी आहात म्हणून एक सांगते. हा चित्रपट १९५२ च्या मध्यावर प्रदर्शित झाला, आणि पुढच्याच जानेवारीत विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच वेस्ट इंडिजमध्ये कसोटी खेळला, तेही पोर्ट ऑफ स्पेनलाच.

प्रश्न : मी संगीत शिकवते. या नायिका खरोखर इतक्या चांगल्या गात होत्या का? रिटा हेवर्थचा खर्जातला आवाज ऐकून मी थक्क झाले.
– एक शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर : तो आवाज तिचा नव्हता. ‘अफेअर इन ट्रिनिडाड’मधील दोन्ही गाणी जो अ‍ॅन ग्रीर या गायिकेने गायली आहेत आणि ‘गिल्डा’तील प्रसिद्ध गाणे अ‍ॅनिटा एलिसने. डीट्रिच स्वतः गात असे, पण हेवर्थसाठी कंपनीने एकामागून एक वेगवेगळ्या गायिका वापरल्या आणि प्रेक्षकांना ते कळू नये अशीच व्यवस्था ठेवली.

आपण शिकवता, म्हणून एक गोष्ट करून पाहा अशी विनंती करते. कॉलेज रोडवर माझ्या मैत्रिणीच्या घरी आम्ही हा चित्रपट आवाज पूर्ण बंद करून पाहिला. ओठांची हालचाल बिनचूक आहे, त्यात चूक काढता येत नाही. पण नजर खाली, गळ्याकडे नेली की लक्षात येते की लांब स्वर धरला असताना जी शीर ताणली जावी ती ताणलेली नाही आणि ओळ संपताना श्वास घ्यायला खांदे उचललेले नाहीत. उलट नाच सुरू झाला की सारे शरीर खरे होते, श्वाससुद्धा. त्याचे कारण तिच्या बालपणात आहे. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेल्या या मुलीचे नाव मार्गारिटा कान्सिनो. वडील स्पॅनिश नर्तक होते आणि वयात येण्याआधीच ते तिला जोडीला घेऊन नाचत. अमेरिकेत दारू मिळणाऱ्या जागी इतक्या लहान मुलीला काम करता येत नसे, म्हणून सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना गावच्या क्लबांत हा कार्यक्रम होई. परदेशातील क्लब, उशिरापर्यंतची रात्र आणि टेबलांवरून रोखलेल्या नजरा हे तिच्यासाठी पटकथेतून आलेले नव्हते. ख्रिसच्या चेहऱ्यावर नाचताना जी एक बंद केलेली खोली दिसते ती मला तिथली वाटते.

आपल्याकडे १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून पार्श्वगायन रुळले आणि ते उघड होते. तरीही १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर सुरुवातीला गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले होते. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा लता मंगेशकरांचे नाव लोकांपर्यंत पोहोचले. पुढे आपल्या गायिकांनी नाव आणि मान मिळवला. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये क्लबातली मधुबाला ‘आइए मेहरबाँ’ म्हणते तेव्हा आवाज आशाताईंचा आहे हे पानवालाही सांगू शकतो. जो अ‍ॅन ग्रीरच्या वाट्याला तसा पानवाला आला नाही. पडद्यावरची गायिका एकटी म्हणून आपण हळहळतो, पण तिच्या मागे उभी असलेली दुसरी बाई तिच्याहून एकटी होती.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात आणि बिघडलेला कागदसुद्धा मोजून परत द्यावा लागे. त्यामुळे ‘कॅसाब्लांका’ पाहताना मला एकच प्रश्न पडला. ज्यांच्यासाठी एवढे रामायण घडते ती ‘प्रवासाची पत्रे’ खरोखर कुठल्या देशाने कधी छापली होती का?
– एक निवृत्त कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : काका, आपल्यासारख्याने विचारावा असाच हा प्रश्न आहे. तशी पत्रे कोणीही छापली नव्हती. कुणालाही नाव न विचारता देशाबाहेर सोडणारा आणि रद्द करता न येणारा असा कागद ही लेखकांची सोय होती. मूळ नाटकातून ती १९४२ च्या चित्रपटात आली. खरी परिस्थिती याहून किचकट होती. जर्मनीपुढे नमलेल्या फ्रान्सच्या हद्दीतून निघायचे तर देश सोडण्याचा परवाना वेगळा, वाटेत स्पेन-पोर्तुगाल ओलांडण्याची संमती वेगळी, पुढच्या देशाचा व्हिसा वेगळा आणि जहाजाचे तिकीट वेगळे. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. एवढे सगळे दीड-पावणेदोन तासांत कोण सांगणार? म्हणून एकच कागद केला.

त्या चित्रपटात क्लबमध्ये फ्रान्सचे राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा गालावर अश्रू ओघळत असलेली एक तरुणी गाताना जवळून दिसते. ती मादलेन लबो. ती आणि तिचे पती मार्सेल दालियो (तेही याच चित्रपटात जुगाराच्या टेबलावर आहेत) जर्मन सैन्य पॅरिसच्या दाराशी आले तेव्हा पळाले, लिस्बनला पोहोचले आणि चिली देशाच्या व्हिसावर जहाजात बसले. ते व्हिसा खोटे निघाले. मेक्सिकोच्या बंदरात ती दोघे अडकली आणि कॅनडाचे तात्पुरते पासपोर्ट मिळाल्यावर अमेरिकेत शिरू शकली. आपण ज्या खात्यात आयुष्य घालवले तिथला एक शिक्का खरा की खोटा यावर कुणाचे काय ठरते, हे त्या चेहऱ्याकडे पाहिले की कळते.

आपल्याकडचे उदाहरण हेलन यांचे. हिंदी चित्रपटांतल्या बहुतेक साऱ्या क्लबांत ज्या नाचल्या, त्या लहानपणी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून आईबरोबर पायी चालत आसामात आलेल्या निर्वासित. ‘हावडा ब्रिज’मध्ये त्या ‘मेरा नाम चिन चिन चू’वर नाचतात, आवाज गीता दत्त यांचा. याच चित्रपटाचा नायकही रंगूनहून आलेला दाखवला आहे. तो रंगूनहून कलकत्त्याला सहज येतो. हेलन यांच्या पावलांनी तोच मुलूख कसा ओलांडला होता, ते गाणे ऐकताना कुणाच्या मनातही येत नाही.

प्रश्न : ताई, मुलगी शनिवार-रविवारी एका हॉटेलात गाते. तिला आखाती देशातील हॉटेलात सहा महिने गाण्याचे काम देतो असे एक एजंट सांगतो आहे. असे चित्रपट पाहून माझी झोप उडाली आहे. तिला पाठवू की नको?
– एक आई, सिडको

उत्तर : गाण्यावरचे पोट ही लपवायची गोष्ट नाही, म्हणून केवळ चित्रपटाच्या भीतीने नाही म्हणू नका. मात्र त्या चित्रपटांतील बायकांकडे जे नव्हते ते सर्व तिच्या हातात असल्याशिवाय होही म्हणू नका. एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आपण स्वतः तपासा. पगार, कामाचे तास, राहण्याची जागा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाचा, हे लिहिलेला करार निघण्यापूर्वी तिच्याजवळ असावा. व्हिसा कामाचाच असावा. पर्यटक म्हणून जा, तिथे पाहू, असे एजंट म्हणाला तर बोलणे तिथेच थांबवा. आणि पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नये. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार ती पुस्तिका केंद्र सरकारची मालमत्ता आहे, ती अडकवून ठेवण्याचा हक्क हॉटेलच्या मालकाला नाही. तिथल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक तिच्या फोनमध्ये तर असावाच, पण कागदावरही लिहून द्या. फोन काढून घेता येतो.

प्रश्न : आपल्या तमाशापटांतली नर्तकी आणि ही क्लबातली गायिका या दोघी एकच आहेत असे मी माझ्या प्रकल्पात लिहिले. सरांना ते पटले नाही. आपले मत काय?
– एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : तुझ्या सरांचे थोडे बरोबर आहे. तमाशातली बाई आपल्या माणसांत असते. फड असतो, सोबत ढोलकीवाला असतो, तिच्या आधी तिच्या आईने आणि मावशीने तेच केलेले असते. गावाने नावे ठेवली तरी त्या गावाची भाषा तिची असते. क्लबातल्या गायिकेला फड नाही. वाद्यवृंदसुद्धा क्लबच्या मालकाचा. त्यामुळे पहिलीचे दुःख समाजाशी असते आणि दुसरीचे बहुधा एका दाराशी, ज्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे. तुझी तुलना मी वेगळ्या बाजूने केली असती, आणि त्यासाठी तुला नाशिकच्या बाहेर जावे लागले नसते.

‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तारामतीसाठी दादासाहेब फाळके स्त्री शोधत होते. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला आणि शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. नाटकात स्त्रीवेश घेणारे पुरुष होते, पण कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली बाई कोणी पाहिलेली नव्हती. त्यानंतर त्याच वर्षी, म्हणजे १९१३ मध्ये, फाळके नाशिकला आले आणि इथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. फिरत्या नाटक मंडळीत काम करून पोट भरणाऱ्या दुर्गाबाई कामत त्यात पार्वती झाल्या, आणि मोहिनी झाली त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमळा, पुढच्या कमलाबाई गोखले. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रिया या दोघी. घरदार सोडून गावोगाव हिंडणारी आई आणि नाचणारी मुलगी, हे चित्र तिहुआनाच्या बाप-लेकीपासून फार दूर नाही.

आता मोहिनीची गोष्ट आठव. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल असा वर मिळालेला असुर. त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही, तेव्हा एका सुंदर स्त्रीला त्याच्यापुढे नाचायला पाठवतात. तो तिच्या हालचालींची नक्कल करत जातो आणि नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. ख्रिसच्या बाबतीत पोलीस दुसरे काय करतात? फेबियनच्या मेजवानीत पाहुण्यांपुढे ती गाते, नाचते, तो तिच्याकडे पाहत राहतो आणि सावधपणा गमावत जातो. हा प्रसंग पाहताना मला दर वेळी लहानपणी आजीने सांगितलेला भस्मासुर दिसतो, त्याचा वर जाणारा हात दिसतो.

मात्र एका ठिकाणी दोन्ही कथा वेगळ्या होतात, आणि प्रकल्पात तू त्यावर लिहावेस असे मला वाटते. मोहिनी म्हणजे विष्णू. काम झाल्यावर रूप टाकून त्याला परत जाता येते, त्या नाचाबद्दल वैकुंठात त्याला कोणी काही विचारत नाही. ख्रिसला रूप टाकता येत नाही. पाहुणे निघून जातात, दीर कोपऱ्यात उभा असतो, त्याने सगळे पाहिलेले असते, आणि तिला आपल्या स्वतःच्या चेहऱ्याने त्याच्यासमोरून जिना चढायचा असतो.